न धरलेली

"कितवी खेप?" डॉ. कित्तूर मॅडमनी विचारलं.

"पहिलीच," माझ्या शेजारी बसलेल्या आत्ती म्हणाल्या. "पहिलटकरीण हाय."

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या इचलकरंजीकडे सून सासूला आत्ती म्हणते. मला पाचवा महिना संपत आला होता. गावातल्या डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी करून घेतली होती आणि रिपोर्ट बघून काही न सांगता मिरजेची चिठ्ठी दिली होती. म्हणून आम्ही तिघं त्या दवाखान्यात बसलो होतो. मी, आत्ती आणि माझे मिस्टर दयानंद.

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी समोरचा रिपोर्ट पुन्हा वाचला आणि ह्यांना आणि आत्तींना जरा बाहेर बसायला सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि उठले. दार लागलं.

मॅडम हळू आवाजात बोलल्या. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, मिस्टरांचा ओ पॉझिटिव्ह. तेवढ्यानं काही बिघडत नाही, कितीतरी घरांत असं असतं. पण माझ्या रक्तात पॉझिटिव्ह रक्ताला मारणारी द्रव्यं सापडली होती, आणि ती थोडीथोडकी नव्हती. पहिल्या खेपेला ती सहसा सापडत नाहीत. पॉझिटिव्ह रक्ताशी आधी कधीतरी गाठ पडल्याशिवाय शरीर ती तयार करत नाही.

"तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं?"

"नाही."

"मग याआधी दिवस राहिले होते का? लग्नाआधीचं असलं तरी सांगा. या खोलीबाहेर जाणार नाही."

"लग्नानंतरच," मी म्हणाले. "गेल्या वर्षी. पण ते धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

मग मला सगळं सांगावं लागलं. तिसऱ्या महिन्यात घरातल्या बायका गुपचूप चोरओटी भरतात. ती भरेपर्यंत दिवस राहिल्याचं कुणाला सांगायचं नसतं. माझं पहिलं त्याच्या आधीच गेलं. आम्ही एका लग्नाला परगावी गेलो होतो, तिथं अंगावरून जायला लागलं आणि तिथल्याच एका लहान दवाखान्यात क्युरेटिंग केलं. रक्तगट कुणी तपासला नाही. घरी आल्यावर आत्तींनी पंधरा दिवस माझ्या अंगाला तेल लावलं. लावता लावता म्हणाल्या, "चोरओटीच्या आधी गेलेलं धरायचं नसतं सुले. मनात ठेवू नगंस, कुणापाशी बोलू नगंस. म्होरचं येईल ते पहिलं." त्यांनी ते मायेनंच सांगितलं होतं. मला त्याचा आधारही वाटला होता. ह्यांनाही सगळं माहीत होतं. म्हणजे लपवलं असं कुणी नव्हतंच. आम्ही तिघांनीही ते धरलं नव्हतं, एवढंच.

मॅडमनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. "घरानं धरलं नाही," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या रक्तानं धरलं."

त्यांनी दोघांना पुन्हा आत बोलावलं. ह्यांना आधी काही पटेचना. तिसऱ्या महिन्यात माझे रिपोर्ट आले तेव्हा कावीळ निगेटिव्ह, एड्स निगेटिव्ह आणि त्याच ओळीत रक्तगटही निगेटिव्ह, म्हणून ह्यांनी यंत्रमागाच्या कारखान्यात सगळ्या मागवाल्यांना सांगितलं होतं की बायकोचं सगळं निगेटिव्ह आलं, काळजी मिटली. आताही ते म्हणाले, निगेटिव्ह म्हणजे बरंच की मॅडम. मॅडम जराशा हसल्या आणि कागदावर दोन गोल काढून समजावायला लागल्या.

बाळानं बापाचं पॉझिटिव्ह रक्त घेतलं असेल तर माझं रक्त त्याला परकं समजणार. वारेतून ती द्रव्यं बाळापर्यंत जाणार आणि बाळाचं रक्त फोडत राहणार. यासाठी एक इंजेक्शन असतं, पण ते त्या वेळीच, क्युरेटिंगनंतर लगेच द्यायला हवं होतं. आता त्याचा उपयोग नाही. शरीर एकदा शिकलं की विसरत नाही. बाळ पोटात फिकं पडू शकतं, अंगात पाणी भरून सुजू शकतं. जन्मल्यावर काही तासांत पिवळं—

आत्ती उठल्या आणि बाहेर निघून गेल्या. मॅडम वाक्याच्या मध्येच होत्या. मला वाटलं, चक्कर आली असेल.

मॅडमनी मग ह्यांना त्यांच्या आईवडिलांचे रक्तगट विचारले. पॉझिटिव्ह माणूस दोन प्रकारचा असू शकतो, त्या म्हणाल्या. आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून पॉझिटिव्हच आलं असेल, तर त्याची सगळी मुलं पॉझिटिव्ह होतात. पण एकीकडून निगेटिव्ह आलं असेल तर ते आत दडून राहतं आणि पुढे मुलाला जाऊ शकतं. तसं असेल तर आमचं बाळ निगेटिव्ह असण्याची शक्यता निम्मी. आणि निगेटिव्ह असेल तर माझं रक्त त्याला हातही लावणार नाही.

ह्यांचे वडील वारून आठ वर्षं झाली होती. त्यांचा गट कुणाला माहीत नव्हता. आईचं रक्त कधी तपासलंच नव्हतं.

"मग तपासा," मॅडम म्हणाल्या. "त्या निगेटिव्ह निघाल्या, तर निदान निम्मी आशा आहे असं मी खात्रीनं सांगू शकेन."

बाहेर बाकावर आत्ती पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. ह्यांनी सगळं सांगून आत लॅबमध्ये चला म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझं रक्त कशाला? मी न्हाई देणार." आणि एसटी स्टँडकडे चालायला लागल्या. मिरज ते इचलकरंजी त्या खिडकीबाहेर बघत होत्या. ह्यांनी दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, "गप बस, दया."

त्यानंतरचे दिवस मला आजही नीट सांगता येत नाहीत. मला माझ्याच रक्ताची भीती वाटायला लागली. मनगटावर नाडी लागली की वाटायचं, प्रत्येक ठोक्याला थोडं थोडं तिकडं जातंय. जेवताना घास हातातच राहायचा. मी खाणार, त्याचं रक्त होणार, आणि ते रक्त बाळाला खाणार. बाळ हललं की जीव भांड्यात पडायचा आणि लगेच वाटायचं, हे हलणं आहे की तडफडणं? एकदा मी पाटावर बसून दोन्ही हात पोटावर ठेवून त्याला सांगितलं होतं, की मी मुद्दाम करत नाही.

आणि आत्ती बदलल्या. आधी त्या माझ्या ताटात बळंच भाकरी वाढायच्या, मागाच्या कांड्या सुतानं भरायच्या यंत्रावर मला बसू द्यायच्या नाहीत. आता ताट उंबऱ्याशी ठेवून निघून जायच्या. मी जवळ गेले की सरकायच्या. माझ्या केसांना हात लावेनाशा झाल्या. त्यांनी स्वतःचं अंथरूण उचलून घरामागच्या परड्याकडच्या खोलीत नेलं. मी तुळशीपाशी उभी असले तर दारातूनच मागं फिरायच्या. मला वाटलं, त्यांना माझी किळस आली आहे. नातवाला खाणारी सून कुणाला हवी?

दहाएक दिवसांनी त्यांनी ह्यांच्याकरवी निरोप दिला, की मी निपाणीला माहेरी जावं. आताच, उद्याच. बाळंतपण ह्या घरात नको.

पहिलं बाळंतपण माहेरीच होतं आमच्यात, पण सातव्या-आठव्यानंतर, ओटी भरून, गाडी करून पाठवतात. असं इतक्या लवकर, न बोलता नाही. मी ह्यांना विचारलं, की परत आणणार आहात ना? ते चिडले, असलं काय विचारतेस म्हणाले. पण आईला जाऊन विचारायची त्यांचीही हिंमत झाली नाही. ते कारखान्यात गेल्यावर मीच उठले.

आत्ती बाहेरच्या सोप्यात कांड्या भरत होत्या. यंत्राचा घरघराट चालू होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, की मला टाकायचं असेल तर तोंडावर सांगा. माझ्या रक्तात दोष आहे हे खरं, पण ते मी बाजारातून आणलं नाही.

त्यांनी यंत्र बंद केलं. कितीतरी वेळ सुताचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तुझ्या रक्तात न्हाई गं," त्या म्हणाल्या. "माझ्यात हाय. ह्या घरात हाय. म्हणून जा म्हणतोय."

दयानंदांच्या पाठीवर त्यांना तीन मुलं झाली होती. दोन मुली आणि एक मुलगा. मला हे माहीत नव्हतं. ह्यांनाही नीट माहीत नव्हतं. आईला पुढे मूल झालं नाही एवढंच ते सांगायचे. पहिली मुलगी जन्मली तेव्हा गोरीपान होती. दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे, तिसऱ्या दिवशी सगळं अंग. दूध ओढेना, मान मागं टाकून ताठ व्हायची. पाचव्या दिवशी गेली. दुसरी तिच्यापेक्षा लवकर गेली. मुलगा तर सुजलेलाच जन्मला आणि रडला नाही.

"माझं दूध इखारी म्हणाले. मग म्हणाले, ह्या बाईचं प्वाट पोरं खातंय. तुझ्या सासऱ्यांनी कधी म्हटलं न्हाई, पर माझ्या आत्तीबाई म्हणायच्या. बाळंतिणीच्या खोलीत मला येऊ देत न्हवते कुणी, भावकीत बारसं असलं तर मी सैपाकघरात. म्हणून तू आल्यापास्नं मला भ्या वाटत हुतं. ती डाक्टरीण पिवळं म्हणाली, आन मला कळलं, लागली माझी सावली."

"मग मिरजेत मॅडमनी तुमची बाळंतपणं विचारली असती तर किती सांगितली असती?"

"एकच." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "बारशाच्या आत गेलेलं धरत न्हाईत."

मी खाली बसले. मी शाळेत काही फार हुशार नव्हते, पण मॅडमनी काढलेले ते दोन गोल माझ्या डोळ्यांसमोर होते. पहिला मुलगा धडधाकट. मग प्रत्येक मूल आधीच्यापेक्षा वाईट.

मी त्यांना म्हणाले, की उद्या निपाणीला नाही, मिरजेला जायचं. रक्त द्यायचं.

"आन रक्तातच निघालं तर? की म्याच खाल्ली म्हणून?" त्यांचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "आजवर लोक म्हणत हुते. मग डाक्टर म्हणंल. मग मी कुठं जाऊ?"

मी एवढंच म्हणाले, "आत्ती, माझ्या बाळाला उपयोग होईल."

त्यांनी सूत तोडलं.

लॅबमधल्या मुलीनं काचेच्या पट्टीवर त्यांच्या रक्ताचे तीन ठिपके घेतले आणि प्रत्येकात एकेका बाटलीतला थेंब सोडला. पहिला निळा, दुसरा पिवळा, तिसरा पाण्यासारखा. काडीनं ढवळून पट्टी हलवत ती म्हणाली, बघा आजी, दाणे पडतात का ते. आत्तींनी मान फिरवली. मी बघत होते. पिवळ्या थेंबातलं रक्त बघता बघता फुटलं, भिजलेल्या रव्यासारखे लाल दाणे झाले. निळ्यात काही झालं नाही. तिसऱ्यात... मी पट्टीवर वाकले. तिसरं रक्त तसंच राहिलं. सलग, गुळगुळीत. मुलीनं पट्टी उजेडात धरून पुन्हा बघितली.

"बी निगेटिव्ह," ती म्हणाली.

मॅडमनी आत्तींना समोरच्या खुर्चीत बसवलं. तिन्ही मुलांचं सगळं विचारून घेतलं. कधी पिवळी झाली, दूध कधी सोडलं, सूज कुठं होती. आत्ती आधी पुटपुटत होत्या, मग नीट सांगायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, की त्या काळी तपासलं नाही, तेव्हा कागदावर सिद्ध करता येणार नाही. पण तुम्ही सांगता त्यावरून सुनेला जे आहे तेच तुम्हाला होतं. दूध चांगलं होतं. सावलीबिवली काही नाही.

"आणि तुमचा निगेटिव्ह तुमच्या मुलात आहे," त्या म्हणाल्या. "दडलेला, पण नक्की आहे. त्यानं तोच पुढे दिला असेल तर बाळाला काही होणार नाही."

आत्ती खुर्चीत पुढं सरकल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे माझं वंगाळ हिच्या कामी येतंय?"

"येऊ शकतं. निम्मी शक्यता."

त्या दिवशी एसटीत आत्ती माझ्या शेजारी बसल्या. उतरताना त्यांनी माझा दंड धरला. त्यांचं अंथरूण परड्याकडच्या खोलीतून परत आत आलं.

पण निम्मी शक्यता ही काय चीज असते, ते मला पुढे कळलं. तिच्यावर झोप लागत नाही. दर पंधरा दिवसांनी मिरजेला जायचं. सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतून रक्त किती वेगानं पळतंय ते मॅडम मोजायच्या. रक्त पातळ झालं की ते जास्त वेगानं पळतं. पडद्यावर डोंगरासारखी रेघ उमटायची आणि आम्ही मॅडमच्या तोंडाकडे बघायचो. आत्ती प्रत्येक वेळी आत यायच्या. सहावा गेला, सातवा गेला, रेघ ठीक होती. ह्यांनी कारखान्यात पुन्हा सांगून टाकलं, की या वेळचं निगेटिव्ह खरोखरचं चांगलं आहे.

आठव्या महिन्यात मॅडमनी ती रेघ एकदा मोजली, मग दुसऱ्यांदा मोजली. तिसऱ्यांदा मोजायला घेतली तेव्हा आत्तींनी माझा पाय घट्ट धरला.

बाळ पॉझिटिव्ह होतं. ती निम्मी शक्यता आमच्याकडे आली नव्हती.

मॅडमनी आणखी थांबायचं नाही असं ठरवलं. बाळाची फुफ्फुसं पक्की व्हावीत म्हणून मला इंजेक्शनं दिली, आणि दोन दिवसांनी कळा आणल्या. सकाळी उजाडल्यावर मुलगी झाली. लहान, फिकी, पण रडली. तो आवाज ऐकल्यावर मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आत्ती तिला उजेडाकडे धरून तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघत होत्या. त्यांना सांगावं लागलं नाही. दुपार व्हायच्या आत तिच्या कपाळावर पिवळट झाक आली.

मॅडम आल्या. रक्त बदलावं लागेल, म्हणाल्या. बेंबीतल्या नळीतून थोडं थोडं तिचं काढायचं, थोडं थोडं निगेटिव्ह रक्त घालायचं. धोका आहे. न करण्यात जास्त आहे. ह्यांनी सही केली. सिस्टरनं बाळाच्या पायाला चिकटपट्टी लावली, तिच्यावर माझं नाव होतं. अमकीचं बाळ, एवढंच.

"थांबा," आत्ती म्हणाल्या. "नाव ठेवायचंय."

सिस्टर म्हणाली, आजी, बारसं बाराव्या दिवशी असतं. आता वेळ नाही.

"तीनदा वाट बघितली म्या बाराव्या दिवसाची."

सिस्टरनं मॅडमकडे बघितलं. मॅडम बाजूला झाल्या. मग सिस्टरच जरा मऊ होऊन म्हणाली, की नाव तर आत्यानं ठेवायचं असतं ना? बाळाची आत्या आली आहे का?

"हिला दोन आत्या हुत्या," आत्ती म्हणाल्या. "एक काका हुता. ते न्हाईत, म्हणून मी."

ह्यांनी चमकून आईकडे बघितलं. त्या माणसानं आईच्या तोंडून आपल्या बहिणींचा उल्लेख आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता.

आत्तींनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि कुर्र केलं. मग मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गिरिजा. लिवा पट्टीवर. काय व्हायचं ते हू दे, पर ही धरायची."

सिस्टरनं पट्टीवर लिहिलं आणि बाळाला घेऊन गेली. माझ्या कॉटवरून समोरच्या खोलीचं दार दिसत होतं. ह्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले होते. आत्ती माझ्या पायथ्याशी बसल्या होत्या. दार उघडलं की मी मान उचलून बघायची. कधी ट्रे बाहेर यायचा, कधी कुणी हात पुसत यायचं, आणि दार पुन्हा लागायचं. तिसऱ्या दिवशी अंग, पाचव्या दिवशी गेली, हे आत्तींचे शब्द माझ्या डोक्यात फिरत होते. मी कपाळ उशीत दाबलं.

"गिरिजाचं कोण आहे?"

दारात सिस्टर उभी होती. मला कळलंच नाही. ह्यांनाही नाही. कुणाला तरी हाक मारताहेत असं वाटलं. आत्ती मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या.

"मी हाय," त्या म्हणाल्या. "आम्ही हाय."

रक्त बदलून झालं होतं. बाळानं सोसलं होतं. बहुधा आणखी एकदा करावं लागेल, आता निळ्या दिव्याखाली ठेवलं आहे, सिस्टर म्हणाली. आणि हात पुढे केला. "दिव्याखालून काढलं की डोकं गार पडायला नको. टोपडं द्या."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. माझ्या पिशवीत माझ्या साड्या होत्या, डबा होता, देवाचा अंगारा होता. टोपडं कुणीच आणलं नव्हतं. आणायचं धाडसच कुणाला झालं नव्हतं.

हे भानावर आले. समोरच दुकान आहे, मी पळत जाऊन आणतो म्हणाले. आत्तींनी त्यांना हातानं अडवलं, पदर खोचला आणि चपला पायात सरकवल्या.

"तू ऱ्हा," त्या म्हणाल्या. "तुला मापातलं काय कळतंय? एवढ्याएवढ्या डोक्यांची मापं मला ठावं हायत."